चार सुताचं निपल, एकवीस मिलिमीटरचे आटे

ऐन नांगरटीत पलटी नांगराचा होज, म्हणजे हायड्रॉलिक तेलाची रबरी नळी गेली, की फुटलेला तुकडा पिशवीत घालायचा आणि गाडीला किक मारून तालुका गाठायचा. "चार सुताचं निपल द्या." निपल म्हणजे होज जोडायचा आट्यांचा तुकडा. दुकानदार देतो. मीही असंच आणलं होतं. हाताने तीन-चार फेरे छान फिरलं, मग अडलं. लिव्हर ओढला तर तेल गळायला लागलं. पान्याला पाईप लावून आवळलं, तेव्हा ट्रॅक्टरचा कपलरच, म्हणजे निपल ज्यात बसतं तो जोडच, चिरला.

चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पण त्या निपलाच्या आट्यांना व्हर्निअर लावा, माप २१ च्या आसपास भरतं. यात दुकानदाराची चूक नाही. पाईपच्या आट्यांना नाव पडलं ते पाईपच्या आतल्या भोकावरून, आटे मात्र बाहेरून पाडलेले. खरा घोळ पुढे आहे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्याचा कोन ५५ अंश ठरवला, १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६०. पाईपच्या आट्यांचे प्रकार दोन: आपल्याकडे सर्रास मिळणारं ब्रिटिश बीएसपी पहिल्या घराण्यातलं, अमेरिकन एनपीटी दुसऱ्या. अर्ध्या इंचात दोघांचेही आटे इंचाला १४, व्यासातला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. म्हणून सुरुवातीला सोयरीक जमल्यासारखी वाटते. त्यात एनपीटी निमुळतं. जबरदस्तीने आवळलं की ते पाचरीसारखं शिरतं. माझा बीएसपी कपलर असाच एनपीटी निपलाने गेला. पिच गेजची, म्हणजे आटे तपासायची दातेरी पट्टी आट्यांत बसवून उजेडाकडे धरली असती, तर फट दिसली असती.

होजच्या नटात तेल आटे अडवत नाहीत. आटे फक्त दाबून धरतात. तेल अडवतो तो आतला गुळगुळीत कोन, धातूवर धातू टेकून. कोनावर नखाला लागेल एवढा ओरखडा असला तरी ते गळणार, कितीही आवळा. टेफ्लॉन टेप तिथे निरुपयोगी, उलट तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. कपलरच्या बाजूला लागतं डाउटी सील, म्हणजे लोखंडी चकतीतलं रबरी कडं.

आणि दाब? १५० बार (बार हे दाबाचं माप) धरला, तरी अर्ध्या इंची होजच्या तोंडावर जवळपास १९० किलोंचा रेटा येतो. त्यामुळे होजच्या टोकाचं फिटिंग नेहमी मशीनवरच क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्यावं. क्लिपने बांधलेला होज मला तरी बघवत नाही. होजही बघून घ्या. एका तारेच्या जाळीचा अर्धा इंची साधारण १६० बारचा, दोन जाळ्यांचा २७५ चा. नांगराला मी दोन जाळ्यांचाच घेतो.

बसवताना पाने दोन: एकाने निपल धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. होजवर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. ती दोरीसारखी वळली, तर होजला पीळ बसलाय. दाब आला की तो उलगडू पाहतो आणि नट सैल करतो. थोडी ढिलाईही ठेवा, कारण दाबाखाली होज आखडतो.

खोलण्याआधी नांगर जमिनीवर टेकवा आणि इंजिन बंद करून लिव्हर पुढे-मागे हलवा. उचललेल्या नांगराचं वजन इंजिन बंद असलं तरी होजमध्ये दाब धरून ठेवतं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून तेल आत सोडते. वरून मोहरीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं.