दुतोंड्याचे पाण्यातले पाय

गंगेला पूर आला की नाशकात एकच प्रश्न फिरतो, “दुतोंड्याच्या कुठवर आलं पाणी?” (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि दुतोंड्या म्हणजे नदीपात्रातली दोन तोंडांची मारुतीची मूर्ती; पाणी तिच्या कुठवर चढलं यावरून पुराचा अंदाज घेतात.) गेल्या पावसाळ्यात माझी साडेपाच वर्षांची भाची पूर बघून आली आणि खडू घेऊन बसली. चित्रात मारुती कमरेपर्यंत पाण्यात, पण पाण्याखालचे पायही बोटांसकट काढलेले. त्याची एकमेकांकडे पाठ केलेली दोन्ही तोंडं तिनं शेजारी-शेजारी बसवली होती. मी म्हणाले, “अगं, गढूळ पाण्यातून पाय कसे दिसतील?” तिनं कागद पालथा घातला.

चूक माझी होती. स्वतःच्या मुलीच्या चित्रांचा बारकाईनं अभ्यास करणारे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ च्या पुस्तकात याला ‘बौद्धिक वास्तववाद’ म्हटलं. या वयात मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला जे माहीत असतं ते काढतं. मारुतीला पाय आहेत आणि तोंडं दोन आहेत, मग ती चित्रात हवीतच. साधारण सात-आठ वर्षांनंतर ‘इथून कसं दिसेल’ हा विचार हळूहळू येतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा माणूस म्हणजे एक गोल आणि त्यातूनच फुटलेले पाय. पोट कुठे गेलं, असं विचारू नये. दोन वर्षांच्या बाळाला तर आपल्या हातानं रेघ उमटते याचंच अप्रूप असतं. त्याला “हे काय आहे?” असं विचारण्यापेक्षा “किती गोल गोल फिरवलास हात!” म्हणावं.

मग नुसतं कौतुक करत राहावं का? तेही जपूनच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांना बाहुल्यांच्या खेळातून शाबासकी दिली. काहींना “तू छान चित्रकार आहेस”, काहींना “तू छान चित्र काढलंस”. चूक दाखवेपर्यंत दोघंही खूश होती. चूक दिसल्यावर मात्र ‘चित्रकार’ म्हटलेली मुलं जास्त खचली. चित्र बिघडलं, म्हणजे आपण चित्रकार नाहीच, असं त्यांना वाटलं असावं.

बक्षिसाचंही तसंच. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्केचपेनची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक द्यायचं आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून राहिली. म्हणून गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेत बालवाडीच्या मुलांचे नंबर काढूच नयेत, असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांची चित्रं मांडवात लावावीत.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद उलटला आणि नीट बघितला. “हे दुसरं तोंड कुठे बघतंय गं?”

“एक पाण्याकडे बघतंय, एक आपल्याकडे.”

“आणि पाय?”

“ते घट्ट रोवलेत, मावशी. म्हणून तो वाहून जात नाही.”

मग तिनं निळा खडू घेतला आणि पाणी मारुतीच्या छातीपर्यंत चढवलं.