पार्श्वभूमी: ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांची

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचा फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र, आणि पाचव्या महिन्यात पहिलटकरणीची होते ती सोनोग्राफी, दोघांचं कूळ एकच. आवाज सोडायचा आणि आपटून परत आलेला टिपायचा. पडद्यावर थवा उमटतो, पण तो बांगड्याचा की तारलीचा हे ठरवायला तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, नजर लागते. ‘एवढ्या सोनोग्राफ्या केल्या, मग व्यंग दिसलं कसं नाही?’ हा बाळंतिणीच्या खाटेशी हमखास निघणारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. रडार आणि सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीने पाण्यातली वस्तू हेरायचं तंत्र) यांच्याशी ओळख तिथली. जुलै १९५५ मध्ये त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत घातल्या आणि ग्लासगोजवळच्या रेनफ्रूच्या एका बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे धातूतली भेग शोधायचं यंत्र होतं. तुलनेसाठी मांसाचा एक जाड तुकडा ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी दिसलं. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. बाळातलं व्यंग हुडकणं हा तेव्हा हेतूच नव्हता.

ते पुढे आलं. १९७२ मध्ये स्टुअर्ट कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी कवटी न बनलेला गर्भ सतराव्या आठवड्यात ओळखला. पाठीचा कणा उघडा राहिलेला ओळखणं मात्र कठीणच होतं, कारण फट बारीक असते. १९८६ मध्ये निकोलायडिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा बाळाचं डोकं बघा: कवटी पुढून लिंबासारखी चेपलेली, डोक्याच्या मागचा लहान मेंदू (सेरिबेलम) केळ्यासारखा वाकलेला. दोष पाठीत, खूण डोक्यात! यंत्र तेच राहिलं तरी कुठे बघायचं हे कळल्यावर निदान सुधारतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आकडे आले ते मात्र जमिनीवर आणणारे. अमेरिकेत पंधरा हजारांवर गर्भवतींच्या अभ्यासात (१९९३) सरसकट सोनोग्राफी करूनही व्यंग असलेल्या बाळांपैकी जन्माआधी सापडली सुमारे ३५ टक्के. चोविसाव्या आठवड्याच्या आत तर १७च. युरोपातल्या मोठ्या पाहणीत (१९९९) हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं. त्यातही मेंदू-मज्जासंस्थेचे दोष ८८ टक्के सापडले, हृदयाचे बरेच कमी. साहजिक आहे: विसाव्या आठवड्यात हृदय करवंदाएवढं असतं आणि मिनिटाला दीडशेच्या आसपास धडधडत असतं. ओठ फाटलेला दिसतो, पण नुसता टाळू फाटलेला असला तर हाडाच्या सावलीत लपतो. डाऊन सिंड्रोम या गुणसूत्रांच्या दोषाच्या कित्येक बाळांत या सोनोग्राफीत काहीच वावगं दिसत नाही. आतड्यातले काही अडथळे सातव्या महिन्याशिवाय लक्षात येत नाहीत. ऐकू येईल की नाही, हे तर कुठल्याच पडद्यावर उमटत नाही.

आपल्याकडे याला कायद्याचं घड्याळ लागलं. १९७१ च्या गर्भपात कायद्यात मर्यादा वीस आठवड्यांची होती, आणि व्यंगाची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात शंका निघाली तर पक्कं करायला गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय गाठायचं, देवगडात निघाली तर घाट चढून कोल्हापूर. तारीख मिळेपर्यंत आठवडा सरतो. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली आणि त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची वाट ठेवली. दुसऱ्या बाजूला गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. मुली वाचवायला तो हवाच होता. म्हणून प्रत्येक केंद्रात लिंगनिदान होत नसल्याची पाटी, सोनोग्राफीची नोंद ठेवणारा, गर्भवतीची सही असलेला फॉर्म एफ आणि नोंदणी झालेलं यंत्र.

रिपोर्टच्या तळाशी बहुधा एक ओळ असते, बारीक टाइपात, इंग्रजीत: सगळे जन्मजात दोष सोनोग्राफीत दिसतातच असं नाही. ती वाचायच्या आत बाहेरच्या बाकावरून माहेरी फोन गेलेला असतो, “सगळा बरा आसा गे.”