तुमची कागदपत्रे आमच्याकडे किती दिवस राहतात? : भाडेकरार नोंदणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या कार्यालयात आपण भाडेकराराची, म्हणजेच लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी करायला येता, तेव्हा घरमालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार अशा चार माणसांची माहिती आमच्या टेबलावर येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. माहिती न देण्याची मोकळीक आपल्याला जवळजवळ नसल्यामुळेच तिचे पुढे काय होते, हे आपल्याला सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

वेबकॅमवर काढलेला फोटो आणि स्कॅनरवर घेतलेला अंगठ्याचा ठसा शासनाच्या नोंदणी प्रणालीत जातो. वयस्कर व्यक्तींचा किंवा ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांचा ठसा पहिल्या खेपेला उमटत नाही. बोट कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवावे लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आपण आधारचे बायोमेट्रिक लॉक केले असेल, तर येण्यापूर्वी ते उघडावे आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा लॉक करावे. झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर शक्यतो मास्क्ड आधार द्यावे, ज्यात क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले असतात व शेवटचे चारच दिसतात. कोणत्याही झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरारासाठी' असे लिहून तारीख टाकावी आणि हे कोपऱ्यात न लिहिता मजकुरावरून तिरपे लिहावे, कारण कोपरा कापून टाकता येतो.

आमच्याकडून झालेली एक चूक येथे सांगणे आवश्यक आहे. करार संपल्यानंतर एका घरमालकांनी जुन्या भाडेकरूच्या नोकरीचा पत्ता फोनवर मागितला आणि आमच्या सहकाऱ्याने ओळखीचा माणूस म्हणून फाइलमधल्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. थकलेल्या वीजबिलाचा वाद त्या भाडेकरूच्या ऑफिसपर्यंत गेला आणि चार लोकांत त्यांना मान खाली घालावी लागली. आम्ही त्यांची माफी मागितली, परंतु झाले ते भरून येण्यासारखे नव्हते. तेव्हापासून एका पक्षाचे कागद दुसऱ्या पक्षाला आम्ही देत नाही, नोंदणी झाल्यावर तीस दिवसांनी झेरॉक्स प्रती कागद फाडण्याच्या यंत्रात घालून नष्ट करतो आणि संगणकावरील व फोनमधील प्रती पुसतो. आमच्याकडे फक्त दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि शुल्काची पावती राहते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून आमच्यासारख्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगून संमती घेणे, काम संपल्यावर ती पुसणे आणि माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला कळवणे ही त्यातली मुख्य बंधने आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र हा कायदा डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरताच आहे. कपाटात पडून राहिलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याला तो लागू होत नाही, आणि आमच्या व्यवसायात धोका सर्वाधिक त्या गठ्ठ्यातच असतो. म्हणून आम्ही कागदालाही तोच नियम लावला आहे आणि त्यासाठी अठरा महिने थांबलेलो नाही.

नोंदवलेला दस्त मात्र आमच्या हातात राहत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. त्यामुळे करारात कायद्याने लागत नाही अशी माहिती, उदाहरणार्थ मुलांच्या शाळेचे नाव, लिहू नये असा आमचा आग्रह असतो.

पोलिसांनी किंवा अन्य शासकीय यंत्रणेने माहिती मागितली तर आपण काय करता, असे अनेक जण विचारतात. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला कळवणे हे घरमालकाचे काम आहे व त्यात आम्ही मदत करतो. त्यापलीकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे न्यायालयाचे समन्स किंवा पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश असेल, तरच आम्ही आमच्याजवळ असलेला कागद देतो आणि आदेशाची प्रत जपून ठेवतो. फोनवरील तोंडी मागणीवर काहीही देत नाही, कारण पलीकडे खरोखर पोलीस आहेत की फसवणारा, हे आवाजावरून कळत नाही.

२०२३ च्या कायद्यातील कलम १७ प्रमाणे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या संपूर्ण कायद्यातून वगळू शकते. ही सूट आम्हाला फार सैल वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यातील निकालपत्रांनुसार शासनाला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, हे तिन्ही असावे लागतात. छोट्या कार्यालयाला कायदा बदलता येत नाही, पण जे आपण साठवलेलेच नाही ते आपल्याकडून कोणालाच नेता येत नाही, एवढे आमच्या हातात आहे.

आपले कागद नष्ट झाले की नाही हे पाहायचे असल्यास पावती घेऊन कार्यालयात यावे. नोंदवही आपल्यासमोर उघडून नष्ट केल्याची तारीख दाखवली जाईल आणि हवे असल्यास तसे लेखी दिले जाईल. यासाठी शुल्क नाही.