पांढरा रस्सा, काकवी आणि वहिनीच्या पित्ताचे खडे

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वहिनीनं डाएट केलं. साधंसुधं नाही, व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं, "२१ दिवसांत १० किलो" वालं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो आणि उकडलेल्या मुगाची एक वाटी, संध्याकाळी कसलीतरी पावडर पाण्यात घोळून, बास. तेल-तूप शून्य. मी एकदा हिशोब केला तर दिवसाला ५०० कॅलरीच्या आसपास भरलं. म्हटलं वहिनी, हे जरा जास्तच होतंय, तर म्हणाली, "भावजी, तुम्ही पोरांना केमिस्ट्री शिकवा, माझ्या ताटात बघू नका."

पहिल्या राऊंडला ६ किलो गेले, मग लगेच दुसरा राऊंड, त्यात ४. गल्लीत कौतुक झालं, जुने ब्लाऊज बसायला लागले. त्या आनंदात रविवारी मटण आणलं, तांबडा-पांढरा झाला आणि सहा आठवड्यांची उपाशी बाई, पांढऱ्याच्या तीन वाट्या प्यायली. रात्री अकराला उजव्या बरगडीखाली जी कळ निघाली ती पार पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत, घाम काय, उलटी काय. आई म्हणाली पित्त झालंय, गोळी दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या एवढी बारीक झालीय, दृष्टच लागली असणार, त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून टाकल्या. दोनेक तासांनी कळ थांबली आणि श्रेय अर्थातच मिरच्यांना गेलं. पुढचे दोन रविवार पुन्हा तेच, मग सोनोग्राफी, आणि त्यात पित्ताशयात खडे.

इथं आपल्या भाषेनंच घोळ घातलाय. आपण "पित्त झालं" म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल वर आल्यामुळं होणारी जळजळ. खरं पित्त वेगळंच, ते यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं, कडू, आणि आम्ल तर नाहीच. त्यामुळं वहिनी तीन आठवडे ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिली, ज्यांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता.

आधी त्या १० किलोचं गणित उरकून टाकू. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. १० किलोचे ७७,०००, भागिले २१, म्हणजे रोज ३६६७ च्या आसपास कॅलरींची तूट पाहिजे. घरकाम करणाऱ्या बाईचा सगळा दिवसाचा खर्चच २००० च्या आतबाहेर. म्हणजे वहिनी २१ दिवस नुसत्या हवेवर राहिली असती तरी १० किलो चरबी जाणं शक्य नव्हतं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो कारण स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा संपतो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी बांधलेलं असतं, ते बाहेर पडतं. तालमीतल्या कुठल्याही पैलवानाला विचारा, वजनगटात बसण्यासाठी दोन दिवसांत उतरवलेलं वजन म्हणजे काय असतं ते. दोन तांबे पाणी प्यालं की परत.

आता मूळ मुद्दा, खडे. खाल्लं की काहीतरी साठतं हे कळतं, पण न खाऊन खडा कसा होतो? मला ही गोष्ट भयंकर आवडते, त्यामुळं थोडं लांबेल.

माझं आजोळ कागलकडं, मामांचं गुऱ्हाळ होतं. रस काहिलीत आटत आला की गूळ व्हायच्या आधीच्या टप्प्यावर काकवी काढून घ्यायची. ती बाटलीत भरून फडताळात मागं सरकली आणि चार-सहा महिने कुणी हात लावला नाही की तळाला साखरेचे खडे धरतात, चमच्यानं खरवडावे लागतात. रोज भाकरीबरोबर घेतली जाते त्या बाटलीत हे होत नाही, कारण खडे धरायच्या आत ती रिकामी होते. (बाटली हलवल्यानं खडे थांबतात असं नव्हे हां, उलट घट्ट पाक ढवळला तर लवकर धरतो. मुद्दा रिकामी होण्याचा.)

पित्ताशय ही तशीच बाटली, यकृताच्या खाली चिकटलेली, ३० ते ५० मिलीची, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाएवढी. यकृत दिवसाला पाऊण-एक लिटर पित्त करतं, त्यातलं बरंचसं इथं येऊन थांबतं, आणि पित्ताशय त्यातलं पाणी शोषून ते काहिलीसारखं आटवतं, पाच-दहापट घट्ट करतं. या पित्तात साखरेच्या जागी असतं कोलेस्टेरॉल. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून दोन मदतनीस लागतात, पित्तक्षार आणि लेसिथिन. तेलकट ताटावर साबण काय करतो? साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. इथंही तेच, पित्तक्षार आणि लेसिथिनचे रेणू गोल रिंगण करतात आणि कोलेस्टेरॉलला मधे घेतात, त्या रिंगणाला मायसेल म्हणतात. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. किती कोलेस्टेरॉलमागं किती पित्तक्षार आणि किती लेसिथिन, याचा त्रिकोणी आलेख काढतात, त्याच्या एका कोपऱ्यात सगळं विरघळलेलं आणि त्या रेषेबाहेर पाऊल पडलं की द्रावण अतिसंपृक्त, म्हणजे स्फटिक कधीही. आलेख इथं काढून दाखवता येत नाही, नाहीतर मजा आली असती.

तर उपाशी माणसात काय होतं बघा. चरबीच्या पेशी भराभर रिकाम्या होतात, त्यांच्यात साठलेलं कोलेस्टेरॉलही सुटतं आणि यकृत ते पित्तात टाकतं. म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलं. दुसरीकडं पित्तक्षार एरवी आतड्यात जाऊन, तिथून शोषले जाऊन पुन्हा यकृतात येतात, दिवसातून अनेक फेऱ्या मारतात, आपल्या कोल्हापूरच्या केएमटी बससारख्या. जेवणच नाही म्हटल्यावर फेऱ्या बंद, गाडी डेपोत उभी, म्हणजे नव्या पित्तात मदतनीस कमी. आणि तिसरं म्हणजे बाटली रिकामीच होत नाही. जेवणातला स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सोडतात, ते रक्तातून पित्ताशयाला सांगतं, आवळ आणि ओत. प्रथिनांनीही थोडं होतं, पण खरा हुकूम तेला-तुपाचा. काकडी-टोमॅटोवर हा हुकूम निघतच नाही. त्यात पित्ताशयाच्या अस्तरातून म्यूसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ सुटतो, तो खडीसाखरेतल्या दोऱ्याचं काम करतो, स्फटिकाला धरायला आधार. बायकांमधे इस्ट्रोजेनमुळं पित्तात कोलेस्टेरॉल मुळातच जास्त असतं, म्हणून खडे त्यांना जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्फटिक फार देखणे दिसतात, पातळ चौकोनी फरशी आणि तिचा एक कोपरा उडालेला.

मग सहा आठवड्यांनी एकदम पांढरा रस्सा. खोबऱ्याचं दूध, मटणाची चरबी, हार्मोनचा पूर आला, पित्ताशय जोरात आवळलं आणि खडा पित्ताशयाच्या मानेत, म्हणजे बाटलीच्या तोंडाशी, जाऊन अडकला, तीच ती कळ. आवळणं सैल पडलं की खडा मागं घरंगळतो आणि कळ थांबते. मिरच्या ओवाळा किंवा नका ओवाळू.

अशा अतिकमी कॅलरीच्या, म्हणजे दिवसाला ८०० च्या आतल्या डाएटवर काही आठवडे ते काही महिन्यांत १० ते २५ टक्के लोकांच्या पित्ताशयात खडे दिसलेत. बरेच खडे गप्प राहतात, काही आपोआप विरघळतात, काही आपल्या वहिनीसारखे बोलतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की धोका एकदम चढतो. म्हणून डॉक्टर असं डाएट देतात तेव्हा गरज वाटल्यास खडे धरू नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, आणि एका जेवणात तरी ७ ते १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ ठेवतात, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल. फुकटातलं औषध, आणि नेमकं तेच व्हॉट्सॲपवाल्यानं शून्य करून टाकलेलं.

खडे निघाल्यावर सल्ल्यांचा दुसरा पूर आला. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस रात्री प्यायचा, सकाळी हिरवे खडे पडतात, फोटोसकट पुरावा. पडतात खरे! २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकामधे असल्या खड्यांची तपासणी छापून आली होती, ते निघाले साबणाचे गोळे, प्यायलेल्या तेलापासून पोटातच झालेले. पेशंट खूश, खरे खडे जागेवर.

बाकीचे धोके पटापट सांगतो. स्नायू झिजतात. युरिक ॲसिड चढून सांधा धरतो, कारण किटोन (उपाशीपणी चरबी जळताना होणारे पदार्थ) आणि युरेट (युरिक ॲसिडचंच रूप) मूत्रपिंडाच्या एकाच दारात ढकलाढकली करतात. दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना असं करणं म्हणजे चक्कर येऊन पडायचीच तयारी. आणि हृदय, १९७७ च्या सुमारास अमेरिकेत कोलॅजेनपासून (जनावरांच्या कातड्यात असतं ते प्रथिन) केलेलं पातळ प्रोटीन पिऊन वजन उतरवायचं खूळ आलं होतं, त्यात साठेक माणसं गेली, काही तर हृदयाचा ठोका बिघडून एकाएकी.

म्हणजे हा प्रकार वाईटच का? तसंही नाही. ब्रिटनमधे २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात साधारण ८५० कॅलरीवर तीन ते पाच महिने ठेवलेल्या टाइप २ डायबेटिसवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची शुगर वर्षभरानंतर औषधाशिवाय ताब्यात होती. पण तिथं पहिल्याच दिवशी शुगरच्या गोळ्या बंद केल्या, पावडरीत जीवनसत्त्वं-क्षार मोजून घातलेले, वरचेवर तपासणी, आणि जेवण परत सुरू केलं ते आठवड्या-आठवड्यानं, पायरी-पायरीनं. पांढऱ्याच्या तीन वाट्यांनी नाही.

वहिनीचं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. खडे एका छोट्या बाटलीत घालून घरी दिले, मी उजेडात धरून बघितले, पिवळसर, मेणचट, ज्वारीच्या दाण्याएवढे सात. मला ते कॉलेजला न्यायचे होते, पोरांना दाखवायला, पण वहिनी म्हणाली, "कशाला, माझी वरात काढायला?" आणि बाटली कुठंतरी ठेवून दिली. परवा भाकरीवर तूप घालताना मात्र चमचा हातात तसाच धरून तिनं मला विचारलं, "भावजी, हे किती ग्रॅम झालं?"