कमरेचं पिस्तूल वेळेवर हातात येतं का?

१७ जुलै २०२२ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ग्रीनवुड पार्क मॉलच्या स्वच्छतागृहातून एक बंदूकधारी बाहेर आला आणि त्याने फूड कोर्टच्या दिशेने गोळीबार सुरू केला. तिथे २२ वर्षांचा एक तरुण होता, अंगावर पिस्तूल बाळगलेला. सुमारे ४० यार्डांवरून, म्हणजे साधारण ३६ मीटरवरून, खांबाचा आधार घेऊन त्याने १० गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या ८ लागल्या. हल्लेखोर बाहेर आल्यापासून कोसळेपर्यंत १५ सेकंद गेले. तेवढ्यात तीन जण मारले गेले होते. तरुण तिथे नसता तर मृतांचा आकडा वाढला असता, यात शंका घ्यायला जागा नाही.

अशा घटना खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवणं चुकीचं आहे. प्रश्न असा, की सामान्य माणसाने लपवून बाळगलेलं पिस्तूल हल्ल्याच्या वेळी एरवी किती उपयोगी पडतं? माझ्या मते याचं उत्तर बंदुकीत कमी आणि घड्याळात जास्त आहे.

हल्ला होतोय हे आधी कळावं लागतं. मग एका हाताने शर्ट किंवा जॅकेट वर ओढायचं, दुसऱ्याने पिस्तुलाची मूठ पक्की धरायची, ते होल्स्टरमधून (कमरेच्या खोळीतून) सरळ वर काढायचं, नळी समोर वळवायची, दुसरा हात मुठीवर आणायचा, नेम धरायचा आणि मग चाप ओढायचा. यातली प्रत्येक पायरी चुकू शकते. सर्वांत जास्त अडतं ते कापड: शर्टाची कड मूठ आणि तळहात यांच्यामध्ये सापडते. पकड सैल राहिली तर गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पुरती मागे जात नाही, रिकामं काडतूस अडकतं आणि दुसरी गोळी सुटतच नाही. भीतीपोटी चेंबर (झाडायचं काडतूस बसतं ती जागा) रिकामं ठेवून फिरणाऱ्याला आधी स्लाइड ओढावी लागते, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. पण खऱ्या हल्ल्यात एक हात बहुधा मुलाला धरण्यात किंवा हल्लेखोराला ढकलण्यात गुंतलेला असतो.

१९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी दाखवून दिलं की चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. सराव असलेल्या पोलिसाला उघड्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. लपवलेल्या पिस्तुलाला त्याहून जास्त लागतो. रस्त्यावरचा लुटारू तर २१ फुटांवरून येत नाही. तो हातभर अंतरावर येऊन मगच हत्यार दाखवतो.

टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये २९ डिसेंबर २०१९ रोजी जे घडलं त्यात दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. हल्लेखोराने बंदूक बाहेर काढल्यावर सुरक्षेसाठी बसलेल्या स्वयंसेवकांपैकी एकाने पिस्तुलाकडे हात नेला आणि ते वापरता येण्याआधीच तो मारला गेला. दुसऱ्या स्वयंसेवकाने एकाच गोळीत हल्लेखोराला पाडलं. सगळं मिळून सहा सेकंद. गोळी झाडणारा हा माणूस स्वतः नेमबाजी शिकवणारा आणि पूर्वीचा राखीव पोलिस होता, हे विसरून चालत नाही.

प्रशिक्षितांचेही नेम चुकतात. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा अभ्यास रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने केला. समोरून गोळी येत नसताना सुमारे ३० टक्के गोळ्या लागल्या होत्या. येत असताना १८ टक्के. उरलेल्या गोळ्या कुठे जातात, ते २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दिसलं. दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी.

गोळी कोणावर झाडायची हे ओळखणं त्याहून अवघड. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये गोळीबाराचा आवाज ऐकून एक पिस्तूलधारी नागरिक धावत आला. समोर हातात बंदूक घेतलेला माणूस दिसला. तो खरं तर हल्लेखोराकडून बंदूक हिसकावून घेणारा होता. नागरिकाने हात आवरला म्हणून अनर्थ टळला. हल्लेखोराला निःशस्त्र लोकांनीच जमिनीवर दाबून धरलं होतं. २१ जून २०२१ रोजी कोलोरॅडोतल्या अर्वाडामध्ये मात्र हल्लेखोराला ठार करणाऱ्या नागरिकाने त्याची रायफल उचलली, आणि तिथे पोहोचलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो मरण पावला.

एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या अशा १६० गोळीबारांची छाननी केली. पोलिस नसलेल्या सशस्त्र व्यक्तींशी चकमक होऊन संपलेल्या घटना ५ होत्या. त्यांतही चार ठिकाणी ते सशस्त्र सुरक्षारक्षक होते, परवानाधारक नागरिक एकच. निःशस्त्र नागरिकांनी हल्लेखोराला आवरलं अशा घटना २१.

रोजच्या गुन्ह्यांबाबत दोन आकडे सतत एकमेकांवर फेकले जातात. क्लेक आणि गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सुमारे ५,००० लोकांच्या दूरध्वनी पाहणीवरून मांडलं की अमेरिकेत वर्षाला २५ लाखांपर्यंत वेळा बंदुकीने स्वसंरक्षण होतं. हा आकडा कसा तयार झाला ते बघण्यासारखं आहे. होकार देणारे होते साधारण १.३ टक्के, म्हणजे ६५-६६ माणसं. त्यांतल्या प्रत्येकामागे जवळपास ३८,००० घटना धरल्या गेल्या. आता ५,००० पैकी फक्त १ टक्का लोकांनी जुनी घटना यंदाची म्हणून सांगितली, किंवा साध्या भांडणाला हल्ला म्हटलं, तर ५० होकार खोटे ठरतात आणि आकड्याचा बहुतांश भाग गळून पडतो. दुर्मीळ घटना पाहणीतून मोजताना ही चूक नेहमी फुगवण्याच्या बाजूने होते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची गुन्हेपीडित पाहणी आधी गुन्हा घडला का हे विचारते आणि मग प्रतिकाराचं विचारते. हेमेनवे आणि सोलनिक या संशोधकांनी तिच्यातल्या २००७ ते २०११ मधल्या १४,००० हून अधिक घटना तपासल्या. बंदुकीने प्रतिकार झाला तो १२७ वेळा, म्हणजे ०.९ टक्के. त्यानंतर इजा झालेले ४.१ टक्के. कुठल्याही प्रकारे प्रतिकार केलेल्या सगळ्यांत हेच प्रमाण ४.२ टक्के. म्हणजे इजा टाळण्यात बंदुकीचा वेगळा फायदा दिसत नाही. मालमत्ता वाचवण्यात ती उपयोगी दिसते, पण बंदुकीखेरीज दुसरं हत्यार वापरणाऱ्यांचं नुकसानही जवळपास तितकंच टळलं होतं.

लोकांना बंदूक बाळगू दिल्याने गुन्हेगार बिचकतात, हा लॉट आणि मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांचा १९९७ चा निष्कर्ष पुढे टिकला नाही. डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात परवाना सोपा करणाऱ्या राज्यांमध्ये दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी जास्त आढळले. एक कारण चोरीचं: लोक बंदूक घेऊन फिरतात, ती गाडीत ठेवतात आणि तिथून ती उचलली जाते. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. घरात आलेलं हत्यार हल्ल्याची वाट बघत नाही.

आज २९ राज्यांत परवान्याविना लपवलेलं पिस्तूल बाळगता येतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून. तिथल्या मराठी घरांतही हा विषय निघतो. ज्यांनी घ्यायचं ठरवलंच आहे त्यांनी चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर वापरावं आणि रोजच्या कपड्यांत, रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून सराव करावा. पळता येत असेल तर पळावं. गोळी झाडावी लागलीच तर धोका संपताक्षणी पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवावं, हल्लेखोराच्या हत्याराला हात लावू नये, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर स्वतःच्या कपड्यांचा रंग सांगावा आणि पोलिस येतील तेव्हा दोन्ही हात रिकामे दिसू द्यावेत. घरी ते कुलपात राहावं, आणि त्या कुलपाची किल्ली किंवा क्रमांक मुलांना माहीत नसावा.