गाळातल्या जिवाणूला नवं नाव: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

नव्या प्रजातीचं नाव प्रोकॅरिओट (केंद्रक नसलेले जीव, म्हणजे जिवाणू वगैरे) नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार वैध ठरतं. तिथे संशोधकाची पदवी कोणी विचारत नाही, पात्रता बघतात ती स्ट्रेनची, म्हणजे वेगळ्या काढलेल्या त्या एका जिवाणू-वाणाची. शुद्ध, जिवंत कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला त्या एकाच जिवाणूचा साठा) नसेल तर या वाटेने ‘कँडिडेटस’ या तात्पुरत्या दर्जापलीकडे जाता येत नाही.

खरी मेहनत शुद्ध करण्यातच जाते. सांडपाण्याच्या गाळात अनेक जातींचे जिवाणू एकमेकांना चिकटून गोळे करून असतात. निर्जंतुक काचमण्यांसोबत हलवून ते फोडा, 10⁻⁴ ते 10⁻⁶ पर्यंत विरळ करून आर२ए आगरवर (कमी पोषक द्रव्यांचं घट्ट माध्यम) पसरा. चौथ्या दिवशी प्लेट फेकू नका. संथ वाढणारे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. एकटी वाटणारी कॉलनी पुष्कळदा दोघांची निघते, म्हणून निदान तीनदा स्ट्रीक करा, म्हणजे ताज्या प्लेटवर रेघा ओढून पुन्हा सुटी कॉलनी मिळवा.

मग जवळपास पूर्ण 16एस (जिवाणू ओळखायला वापरतात तो आरआरएनए जनुक) वाचा, म्हणजे डीएनएची सुमारे 1,500 बेस-अक्षरं. सगळ्यात जवळच्या टाइप स्ट्रेनशी (ज्या स्ट्रेनवर एखाद्या प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती) साम्य 98.7 टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती बहुधा नवी. जास्त असलं तरी आशा सोडू नये, कारण निकाल जीनोम देतो: दोन जीनोममधलं साम्य मोजणारे दोन आकडे, एएनआय (सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य) 95–96 टक्क्यांच्या आणि डिजिटल डीडीएच (संगणकावर काढलेलं डीएनए-डीएनए संकरण) 70 टक्क्यांच्या खाली हवेत. जीनोममधला 16एस आणि स्वतंत्रपणे वाचलेला 16एस जुळत नसतील तर कल्चर बहुधा मिसळलंय, परत प्लेटकडे. पेशीतल्या मेदाम्लांची (फॅटी ॲसिड) तुलनाही शेजारच्या टाइप स्ट्रेन त्याच माध्यमात, त्याच तापमानाला वाढवूनच करा. जुन्या शोधनिबंधातले आकडे शेजारी मांडून भागत नाही.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडतं ते जमा-प्रमाणपत्रावर, म्हणजे स्ट्रेन जमा झाल्याच्या दाखल्यावर. नव्या प्रजातीची टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक कल्चर कलेक्शनमध्ये (जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थांत) ठेवावी लागते, आणि ती कुणालाही निर्बंधाविना मिळेल असं दोन्हींकडून लेखी हवं. फक्त पेटंटसाठी बंदिस्त ठेवलेली स्ट्रेन चालत नाही. कलेक्शनवाले पोचलेली कुपी वाढवून, ओळख तपासून मगच कागद देतात. त्यात महिने जातात. लेख लिहायला बसण्याआधीच कुप्या रवाना करा.

नावासाठी लॅटिन व्युत्पत्ती द्यावी लागते. ‘काएनी’ म्हणजे ‘गाळाचा’, पण त्याच वंशात (जीनसमध्ये) ते आधी कुणी वापरलं असेल तर बाद. स्वतःचं नाव देऊ नये.

लेख ‘आयजेएसईएम’ (इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी) या नियतकालिकामध्ये आला तर नाव तिथेच वैध होतं. दुसरीकडे छापला असेल तर लेखाची प्रत आणि दोन्ही प्रमाणपत्रं ‘आयजेएसईएम’च्याच व्हॅलिडेशन लिस्टसाठी (इतरत्र छापलेली नावं वैध करणारी यादी) पाठवा. अशा नावाचा अग्रक्रम त्या यादीच्या तारखेपासून धरतात.