स्टेरॉइडचे शेवटचे पाच मिलिग्रॅम

सोलापुरात सांधे दुखणारं कुणी भेटलं आणि स्टेरॉइडचा विषय निघाला की दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे "ती गोळी लय वाईट गं, हाडं खाती, आजच्या आज बंद कर" आणि दुसरा म्हणजे "अमक्या गावात पुडी देतात, घेऊन बघ, दोन दिवसात चालायला लागशील". त्या पुडीत कित्येकदा तेच स्टेरॉइड दळून घातलेलं असतं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, म्हणजे पुडी संपली किंवा कंटाळून सोडली की स्टेरॉइडसुद्धा एका झटक्यात बंद. मला दोन्ही सल्ल्यांचा राग येतो, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते, ही गोळी अचानक थांबली तर शरीरात काय होतं ते. मला स्वतःला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइडवाला, आणि प्रेडनिसोलोन नावाची स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करत आणायचा काळ मी काढलाय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. तिथे कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन तयार होतं, तेच शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. पहाटेपासून सकाळपर्यंत त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी, म्हणूनच डॉक्टर ही गोळी शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. ग्रंथी स्वतःच्या मनाने काम करत नाही, मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन रक्तात सोडते, ते अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचलं की कॉर्टिसॉल बनतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की मेंदू वरून मागणी कमी करतो.

आता हिशोब बघा. निरोगी माणसाचं शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं. म्हणजे कुणाला ४० मिलिग्रॅम चालू असेल तर गरजेच्या आठपट माल बाहेरून येतोय. मेंदू म्हणतो भरपूर आहे, मागणी बंद. आणि एसीटीएच नुसता हुकूम देत नाही, ग्रंथीला धडधाकट ठेवायचं कामही तेच करतं, त्यामुळे ते महिनोन्‌महिने आलं नाही तर ग्रंथी आकसते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा मागवाला बाहेरून तयार चादरी आणून विकायला लागला आणि स्वतःचे माग वर्षभर बंद ठेवले, तर बाहेरचा माल थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबून उत्पादन सुरू होईल का? कामगार परत बोलवावे लागतील, तेलपाणी करावं लागेल, आणि सुरुवातीला माल थोडाच निघेल. ग्रंथीचंही तसंच आहे, जागं व्हायला तिला कधी काही आठवडे लागतात, कधी महिने, कुणाकुणाला वर्षाच्या वर.

हे सगळ्यांनाच लागू नाही बरं का. दम्याच्या अटॅकला पाच-सात दिवसांचा कोर्स दिला असेल तर तो बहुतेक वेळा सरळ थांबवता येतो. साधारण तीन-चार आठवड्यांच्या वर गोळी चालली की मग ग्रंथी झोपली असं धरूनच चालायचं. लोक गोळीच मोजतात, पण सांध्यात वरचेवर घेतलेली इंजेक्शनं, जास्त डोसचे इनहेलर, खाज येते म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने चोळलेली मलमं यांत स्टेरॉइड असेल तर त्यांनीसुद्धा हे होऊ शकतं.

या औषधाची सुरुवात कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते, त्यांच्या लक्षात आलं होतं की आमवाताच्या पेशंटला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली की सांधे आपोआप बरे वाटतात, म्हणजे शरीरातच काहीतरी आहे जे ही सूज दाबतं. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं आणि चालू ठेवलं की चेहरा सुजतो, झोप उडते, मन बिघडतं, हेही त्याच पहिल्या काही पेशंटमध्ये दिसलं होतं. आज डॉक्टर डोस कमी करताना जी काळजी घेतात तिची मुळं तिथपर्यंत जातात.

कमी करताना आकड्यांची एक गंमत लक्षात ठेवावी. ४० वरून ३५ वर आलो तर पाच मिलिग्रॅम कमी झाले, म्हणजे आठवा हिस्सा. १० वरून ५ वर आलो तरी पाचच कमी झाले, पण ती निम्मी घट. म्हणून वरच्या डोसला डॉक्टर आठवड्याला पाच-पाच उतरवतात आणि पेशंट खूश होतो, आणि दहाच्या खाली आलं की एक किंवा अडीच मिलिग्रॅम कमी करून दोन-चार आठवडे थांबतात. तेव्हा घरचे म्हणायला लागतात, एवढीशी तर गोळी राहिली, टाक की सोडून. पण खरी परीक्षा पाचच्या खालीच असते, कारण तिथून शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल स्वतः बनवावं लागतं.

आणि तिथेच तीन गोष्टींची गल्लत होते. मूळ आजार उसळतो, किंवा शरीराला सवय झालेलं औषध कमी झाल्याने अंग मोडून येतं, किंवा खरोखर कॉर्टिसॉल अपुरं पडतं. तिन्हीत दुखतं आणि तिन्हीत थकवा येतो. विडी घरकुलातल्या माझ्या ओळखीच्या एक अक्का आहेत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, पानात तंबाखू भरून गुंडाळायचं, दोरा मारायचा आणि टोक बोटाने आत दुमडायचं, दिवसभर हेच. आमवात जोरात होता तेव्हा सकाळचे दोन तास ते टोकच दुमडलं जायचं नाही. १० वरून साडेसातवर आल्यावर त्या घाबरून म्हणाल्या, "परत आलं गं ते." डॉक्टरांनी एकेक पेर दाबून बघितलं, म्हणाले "अक्का, मूठ वळवून दाखवा बघू," आणि मूठ पूर्ण वळत होती, पेरं सुजलेली नव्हती, गरमही नव्हती, दुखत होतं ते मांड्या, पाठ, खांदे असं सगळं अंग. सीआरपी, म्हणजे अंगात सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आला. डोस वाढवला नाही, तिथेच थोडं जास्त थांबवलं आणि हळूहळू उतरलं ते.

म्हणजे सांध्यावर सूज, तासाच्या वर टिकणारा सकाळचा आखडलेपणा, वाढलेला सीआरपी किंवा ईएसआर (तीही सूज दाखवणारीच रक्ततपासणी) हे असेल तर आजार उसळल्याचा संशय जास्त. सूज नाही पण सगळं अंग ठणकतंय, मन उदास आहे, तर तो बहुधा औषध उतरतानाचा त्रास. पण उभं राहिलं की चक्कर, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, वजन उतरतंय, बीपी कमी, हे कॉर्टिसॉल अपुरं पडल्याचं असू शकतं, आणि आपल्याकडे इथेच घोळ होतो, कारण एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की चक्कर आणि मळमळ कुणालाही होते आणि घरातले "ऊन लागलं" म्हणून कांदा आणि पन्हं देऊन झोपवतात. एरवी ठीक आहे ते. पण ज्याचं स्टेरॉइड उतरवणं चालू आहे किंवा गेल्या वर्षभरात बंद झालंय त्याने ही लक्षणं उन्हावर ढकलू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरला कळवावं.

ताप, जुलाब, अपघात, ऑपरेशन अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी पटीने वाढवतं. झोपलेल्या ग्रंथीला ते जमत नाही, म्हणून आजारपणात डोस तात्पुरता वाढवावा लागतो, किती आणि किती दिवस हे आधीच डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावं. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहतच नाही, मग घरी थांबू नये, हॉस्पिटलात हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन लागतं आणि ते वेळेत मिळालं नाही तर जिवावर बेतू शकतं. नवरात्राचे किंवा एकादशीचे उपवास करणाऱ्यांनी गोळी मात्र चुकवू नये, आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

ग्रंथी जागी झाली का हे बघायला साधी रक्ततपासणी आहे, सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉल. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, आधीच्या गोळीला किमान २४ तास झालेले हवेत, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. युरोप आणि अमेरिकेच्या एंडोक्राइन, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये मिळून जे मार्गदर्शन काढलं त्यात कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी सावरली असं धरतात, ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी परत बघतात, मधल्याला आणखी थोडा वेळ देतात. प्रत्येकाला ही टेस्ट लागतेच असं नाही, कित्येकांचं नुसतं हळूहळू कमी करूनही भागतं.

हे वाचून गोळीला चिकटून बसायचं असं मात्र नाही. आमवातात स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर कमी करून बंद करावं हेच आजचं मत आहे, कारण हाडं ठिसूळ होतात, दुपारनंतर शुगर चढते, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. आजार खरा धरून ठेवतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधं, आणि त्यांना परिणाम दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोपर्यंत वेळ काढून द्यायला स्टेरॉइड. आणि हे औषध तंबाखूची पुडी सोडावी तसं मनाच्या निर्धाराने सुटत नाही, निर्धार कितीही असला तरी ग्रंथी तिच्या वेळेनेच जागी होते, म्हणून ज्यांना वेळ लागतोय त्यांना कुणी "तुझी इच्छाच नाही" म्हणू नये असं मला फार वाटतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर विषबाधा होते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

गोळी पूर्ण बंद झाली तरी पुढचं वर्षभर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कोणतं स्टेरॉइड, किती डोस, कधीपासून कधीपर्यंत. हर्निया असो की गुडघा बदलायचा असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते पान स्वतः दाखवा, विचारायची वाट बघू नका.